गराज आजीचे दोन शब्द

"आई, हळू. कॉल चालू आहे."

अमेरिकेत, टेक्ससच्या शुगर लँड गावातल्या माझ्या सहा महिन्यांत मी हे वाक्य जितकं ऐकलं, तितकं दुसरं काही ऐकलं नाही. लेक एका खोलीत, जावई दुसऱ्या खोलीत, दोघांच्या कानांत ती यंत्रं, आणि मधल्या हॉलमध्ये मी. कुकरची शिट्टी झाली तरी मीच धावत जाऊन गॅस बंद करायची. फ्रीज उघडायचा, बंद करायचा. पडदा सरकवायचा, बाहेर कुणी नाही हे बघून परत ओढायचा. खिडक्या उघडायच्या नाहीत, एसी चालू असतो. एकटीनं कुठं जायचं नाही, गाडी येत नाही. नात दुसरीत, ती बसमधून उतरेपर्यंत मी घरात येरझाऱ्या घालायची.

मी कोल्हापूरची. जन्मभर एका बँकेच्या काउंटरवर बसले. टोकन नंबर पुकारला की बाहेर सायकलला कुलूप लावणारा माणूससुद्धा आत धावत यायचा, असा माझा आवाज. शिकायला पुण्याला होते तेव्हा ह्याच आवाजाला आणि माझ्या बोलण्याला सगळा वर्ग हसायचा. नुसतं "जेवलीस काय गं?" विचारलं तरी मागच्या बाकांवर खसखस पिकायची. वर्षभरात मी माझं बोलणं घासूनपुसून लख्ख केलं. राग आला की मात्र आतलं कोल्हापूर अजून उसळून बाहेर येतं, त्याला माझा इलाज नाही.

तर ह्या अशा बाईला "हळू" म्हणायचं, म्हणजे काय झालं असेल माझं!

ऊन उतरलं की मी घराबाहेर पडायची. आमच्या भागात त्या वेळी माझ्यासारखी बरीच माणसं दिसतात. साडीखाली पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली, नवरा दहा पावलं पुढं. भेटली की पहिला प्रश्न "कधी आलात?" आणि दुसरा "परत कधी?" तिसरा प्रश्न कुणाकडंच नसायचा. मग मी एकटीच चालत सुटायची, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. दमट हवेनं ब्लाउज अंगाला चिकटायचा, तरी घरात जायची इच्छा व्हायची नाही.

कोपऱ्यावरच्या घराचं गराज, म्हणजे गाडी ठेवायची खोली, कायम उघडं असायचं. शटर वर, आत गाडी नाही, एक मोठा पंखा घरघरत असलेला, भिंतीवर हारीनं टांगलेले पाने-हातोडे आणि मध्ये खुर्चीत एक म्हातारी. नव्वदीची असेल. केस पांढरेशुभ्र पण सेट केलेले, ओठांना लाली. हातातला बर्फाचा चहा थरथरायचा, कारण तिला पार्किन्सन्स होता, हे नंतर कळलं. एके दिवशी मी तिसऱ्यांदा समोरून गेले तशी ती म्हणाली, "बस की गं जरा. रस्ता झिजवून टाकशील."

अर्थात इंग्रजीत म्हणाली. पण गंमत अशी, की मला ते पहिल्या फटक्यात कळलं. लेकीचं कॉलवरचं इंग्रजी पुढं पळायचं आणि मी मागं. हिचं बोलणं मात्र काकवी ओतावी तसं, सावकाश, प्रत्येक अक्षर लांबवत. आवाज बारीक झाला होता, पुढं वाकून ऐकावं लागायचं. माझं इंग्रजी बँकेतलं: "काइंडली बी सीटेड", "प्लीज डू द नीडफुल." तिला त्याचं भारी हसू यायचं. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला हनी. नात माझ्याबरोबर यायला लागली आणि तिनं तिचं नाव ठेवलं, गराज आजी.

एकदा मी चकल्या नेल्या होत्या. चकली मोडता मोडता ती सहज बोलून गेली, "मी पिक्चरमध्ये होते."

आता गं बया! मी हातातली चकली खाली ठेवली. लेकीला सांगितलं असतं तर तिनं आधी विचारलं असतं, कसले पिक्चर, फोटो का? मला विचारावं लागलं नाही. आमच्या गावात पिक्चर म्हणजे पिक्चर. तिनं थोडक्यात सांगितलं. पूर्व टेक्ससमधलं लहानसं गाव, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. जत्रेतल्या सौंदर्यस्पर्धेत ती पहिली आली, तिथं आलेल्या एका माणसानं तिचे फोटो कॅलिफोर्नियाला पाठवले आणि एकोणिसाव्या वर्षी ती सिनेमात गेली. तीन पिक्चर. पहिल्या दोनांत नुसतं हसत उभं राहायचं, तिसऱ्यात खरी भूमिका. मग संपलं. "का संपलं?" मी विचारलं. तिनं चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि पंख्याचा वेग वाढवला.

मी घरी पळत आले. त्या दिवशी मी जावयाच्या कॉलचीसुद्धा पर्वा केली नाही. लेकीनं रविवारी इंटरनेटवर शोधून तो तिसरा पिक्चर टीव्हीवर लावला. काळा-पांढरा, लांबलचक, एका शेतकऱ्याची गोष्ट. मध्यावर ती आली. बाई गं, काय रूप होतं! शेतात काही पिकत नाही म्हणून नवरा शहराकडं निघालाय, ही त्याची बायको, दारात उभी, हातात भांडी पुसायचं फडकं. रडत नाही, हात जोडत नाही. एवढंच म्हणते, "जा मग. जेवण चुलीवर असेलच, तू आलास तरी, नाही आलास तरी." आणि आत वळते. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाक्य साधं, पण तिनं ते फडकं ज्या तऱ्हेनं खांद्यावर टाकलं, त्यात सगळं आलं. आणि आवाज कसा, तर अगदी मंजुळ, रेशमी.

दुसऱ्या दिवशी गराजमध्ये जाऊन मी पहिलं वाक्य हेच बोलले. "मॅडम! व्हॉट अ स्वीट व्हॉइस यू हॅड!"

तिचा चेहरा एकदम मिटला. तिनं बाजूच्या भिंतीवरचं बटण दाबलं आणि शटर खाली यायला लागलं. मी कशीबशी वाकून बाहेर आले. हातातली चिवड्याची पिशवी तशीच.

नंतर आठवडाभर ते शटर उघडलं नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी स्तुती केली होती हो, शिवी दिली नव्हती! दिवसातून चार-चारदा त्या घरावरून जायची. लेक म्हणाली, "आई, इथे लोकांना प्रायव्हसी लागते. तू उगाच पुढे पुढे करतेस." मला इतका संताप आला, की मी थालीपिठं थापायला घेतली. डब्यात भरली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि बंद शटरसमोर उभी राहून बँकेतली हाक मारली, "मॅडम!" दोन घरं पलीकडचा कुत्रा भुंकला. शटर वर गेलं.

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पिक्चरमधला आवाज तिचा नव्हताच.

स्टुडिओला तिचा चेहरा हवा होता, बोलणं नको होतं. ती तोंड उघडायची आणि सेटवरची माणसं हसायची, कारण तिच्या तोंडी तिच्या गावची बोली. शिकवणीला एक बाई ठेवली होती, ती दातांत पेन्सिल धरून बोलायला लावायची. त्या दारातल्या प्रसंगाच्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, झकास. ती हवेत. काही महिन्यांनी पिक्चर तिच्या गावातल्या थेटरात लागला, तेव्हा ती आईशेजारी पहिल्या रांगेत बसली, मागं अख्खं गाव. पडद्यावर ती दारात आली, तोंड उघडलं आणि बाहेर दुसऱ्याच बाईचा आवाज. तिला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. आईनं वळून तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तू का बोलली नाहीस?"

"आईला काय उत्तर द्यायचं?" गराज आजी म्हणाली. "मी बोलले होते गं."

ती परत कॅलिफोर्नियाला गेलीच नाही. तेलविहिरींवर काम करणाऱ्या माणसाशी लग्न केलं, ह्या घरात आली, मुलीला वाढवलं. शेजाऱ्यांना पिक्चरचं कधी बोलली नाही. कारण सांगितलं की बघणार आणि बघितलं की म्हणणार, काय गोड आवाज.

मी कपाळावर हात मारला.

आता तिचा खरा आवाजही चालला होता. पार्किन्सन्स आधी हातांत आला, मग गळ्यात. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरानं किती उरेल सांगता येत नाही. घर विकायला काढलं होतं, मुलगी तिला दूर उत्तरेला स्वतःजवळ नेणार होती. तिनं माझं मनगट धरलं. तिच्या थरथरीनं माझ्या बांगड्या वाजायला लागल्या. "मला ते वाक्य एकदा माणसांसमोर म्हणायचंय," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं. आणि कुणी हसायला नको. बस्."

मी घरी आले ती डोक्यात एकच घेऊन. माणसं कुठून आणायची? ह्या गावात माझ्या ओळखीची माणसं म्हणजे मराठी मंडळ. आणि मराठी माणसासमोर कलावंत आला की त्याचं काय करायचं हे आम्हाला शिकवावं लागत नाही. शाल, श्रीफळ आणि सत्कार. आणि सत्काराला उत्तर म्हणून सत्कारमूर्तीचे दोन शब्द. त्या दोन शब्दांतून आजवर कुणी सुटलेलं नाही. मंडळाचा गणपती तोंडावर आला होता. झालं!

अध्यक्षांना फोन लावला. नागपूरचे, गोड माणूस, पण घाईत. "काकू, प्रोग्रॅम फुल पॅक आहे हो. लेझीम आहे, बॉलिवूड आहे, नाटुकलं आहे."

"पाच मिनिटं."

"पण त्यांचा मंडळाशी काय संबंध?"

"गणपतीचा तरी शुगर लँडशी काय संबंध होता? तुम्ही आणलात ना?"

ते हसले आणि आरतीनंतर, जेवणाआधीची वेळ दिली. मी तीनदा बजावलं, पिक्चर दाखवायचा नाही, नुसता माईक द्यायचा. ते "डोन्ट वरी काकू" म्हणाले. हे शब्द ऐकले की मला हटकून काळजी लागते.

लेक चिडली. "तुझं तिकडचं सगळं इकडे आणू नकोस गं. लोक जेवणाच्या लाइनमध्ये असतात, कोण ऐकणार? आणि हसलं कुणी तर?" हा शेवटचा प्रश्न माझ्या वर्मी लागला. कारण मलाही तेच वाटत होतं. रात्री अंथरुणावर कूस बदलत राहायची. दिवसा शाल उघडून बघायची, घडी घालायची, परत उघडायची. इंडियन स्टोअरमधून शेंडीचा नारळ मिळवताना जावयाला दोन दुकानं पालथी घालावी लागली. तेवढं मात्र त्यानं तोंडातून ब्र न काढता केलं.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. गराज आजी निळा झगा घालून आली, मोत्यांची माळ, ताजी लाली. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि बसवल्यावर माझ्या लक्षात आलं. पहिली रांग! ती माझा पदर चिमटीत धरून बसली. आरती झाली. मागं मसालेभाताचा वास सुटला आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. पोरं रांगांमधून धावत होती. सूत्रसंचालन करणारी मुलगी इंग्रजी-मराठीत सांगत होती, हॉलिवूडच्या ज्येष्ठ अभिनेत्री वगैरे. आणि म्हणाली, "आपल्यासाठी एक छोटंसं सरप्राइज!"

हॉलमधले दिवे मंद झाले. पडद्यावर ते दार, ते फडकं आणि तो रेशमी आवाज.

माझ्या पदराला हिसका बसला. ती उठायला बघत होती आणि तिला उठता येत नव्हतं. वरून ती मुलगी म्हणते, "वॉव! किती गोड आवाज ना!" आणि टाळ्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्टेजच्या पायऱ्या मी कशा चढले मला आठवत नाही. माईक हातात घेतला, त्याची मला खरं तर गरज नव्हती. "बंद करा ते! बंद करा म्हणतो न्हवं!" माझं घासूनपुसून लख्ख केलेलं पुण्याचं मराठी गेलं कुठल्या कुठं. "त्यो आवाज हिचा न्हाई! हिच्या तोंडात दुसरीचा आवाज घातलाय त्यांनी. का, तर हिची बोली गावंढळ म्हणून. सत्तर वर्षं झाली, हिला कुणी ऐकलं न्हाई. आता हिला ऐकायचं. भात कुठं पळून जात न्हाई!"

जेवणाच्या रांगेतली माणसं पळ्या हातात धरून थांबली. माझी लेक मागच्या दारात उभी होती. मी वाट बघत होते तिच्या "आई, हळू"ची. ती काहीच म्हणाली नाही. तरातरा पुढं आली, गराज आजीला एका बाजूनं धरलं, जावयानं दुसऱ्या बाजूनं आणि दोघांनी मिळून तिला स्टेजवर आणलं. अध्यक्षांनी घाईघाईनं शाल पांघरली. नारळ तिच्या थरथरत्या हातांत राहीना, म्हणून मी तो माझ्या काखोटीला मारला. आणि माईक तिच्या ओठांजवळ नेला.

"गो ऑऽन, देऽन," ती म्हणाली. जा मग.

इतका बारीक आवाज, इतका ओढलेला, की काही वेळ नुसता एसीच ऐकू आला. पोरं धावायची थांबली. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेच्या टोकाला कुणीतरी खुदकन हसलं.

माझी नात!

गराज आजीचा चेहरा पडला. तोच, शटर खाली येतानाचा. आपल्याच घरातल्या पोरीनं घात केला असं वाटलं. आणि नात खुर्चीवर उभी राहिली, दोन्ही हात तोंडापुढं धरून, आनंदानं फुटायच्या बेतात आलेली, आणि माझ्याच तोडीच्या आवाजात ओरडली, "आजी! शी टॉक्स लाइक अस!"

ती आपल्यासारखी बोलते.

मग बाकीची पोरंही बोलायला लागली, लाइक माय टीचर, लाइक माय बस ड्रायव्हर. मराठी आईबापांची, शुगर लँडमध्ये जन्मलेली पोरं, मंडळाच्या कार्यक्रमात एरवी टॅबलेटमध्ये तोंड घालून बसणारी, सगळी पुढं सरकून स्टेजला चिकटली. आणि मला आत्ता ऐकू आलं, की खरंच, माझी नात शाळेतून आल्यावर असंच बोलते. शब्द ओढत, काकवीसारखं. इतके महिने ऐकत होते आणि लक्षात आलं नव्हतं.

"काय म्हणाली ती?" गराज आजीनं मला विचारलं. तिचं ऐकणंही कमी झालं होतं. मी तिच्या कानात सांगितलं. तिनं नातीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग शालीचं टोक उचललं, ते फडकं टाकायची तसं खांद्यावर टाकलं, आणि पुन्हा पहिल्यापासून, ह्या वेळी मोठ्यांदा:

"गो ऑऽन, देऽन. सपर'ल बी ऑन द स्टोऽव्ह. ईदर वे."

जेवण चुलीवर असेलच, तू आलास तरी, नाही आलास तरी. आणि आत वळली. वळायला जागा नव्हती, ती सरळ माझ्या अंगावर आली. मी नारळासकट तिला मिठी मारली आणि दोघी मिळून रडलो.

टाळ्या खूप वाजल्या. मग सगळे जेवायला गेले. अध्यक्ष येऊन सॉरी म्हणाले आणि तिच्यासाठी ताट वाढून घेऊन आले, त्यात मोदक जास्तीचा. तिनं भात बाजूला सारून आधी मोदकच खाल्ला.

पुढच्या महिन्यात घर गेलं. मुलगी येऊन तिला घेऊन गेली. भिंतीवरचे पाने-हातोडे कुणाकुणाला वाटून टाकले, शाल मात्र ती अंगावर घेऊनच गाडीत बसली. नंतर एकदा लेकीनं व्हिडिओ कॉल लावून दिला. तिचे ओठ हलत होते, पण काही ऐकू आलं नाही. लेक फोनचा आवाज वाढवत होती, वाढवत होती. मी म्हटलं, राहू दे, आवाज पूर्णच आहे.

माझेही सहा महिने संपले. विमानतळावर सामान दिलं, निरोपाची वेळ आली. लेक रडत होती, जावई पाया पडला. नात एरवी बाय आजी म्हणून मोकळी होते. ती समोर येऊन उभी राहिली, गळ्यातला स्कार्फ काढला, खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "गो ऑऽन, देऽन, आजी. सपर'ल बी ऑन द स्टोऽव्ह. ईदर वे."

तोच सूर, तसाच, उचलून आणलेला.

मी भर विमानतळावर हंबरडा फोडला. माणसं वळून बघायला लागली. लेकीनं मला हळू म्हटलं नाही.